पागडीपासून हेवी डिपॉझिटपर्यंत : मुंबईतल्या भाड्यावरच्या कराची पार्श्वभूमी

जुलै लागला की दादरला आम्ही लोकांचे आयकराचे रिटर्न भरतो त्या खोलीत पिशव्यांमधून फायली निघायला लागतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती आणि कधीतरी तळाशी आजोबांच्या नावची, गिरगावातल्या खोलीची पिवळी पडलेली भाडेपावती. प्रश्न ठरलेला असतो : "दुसऱ्या फ्लॅटच्या कर्जाचं सगळं व्याज पगारातून वजा होतं ना? आमच्या मेव्हण्याचं झालं होतं." मेव्हण्याचं झालं होतं हे खरंच असतं. फक्त ते २०१५ साली झालेलं असतं.

भाड्याने द्यायच्या घराबद्दल मुंबईत 'टॅक्स प्लॅनिंग' म्हणून जे तोंडोतोंडी फिरतं, ते बहुतेक कुठल्या तरी जुन्या कायद्यावर शोधलेला तोडगा असतो. कायदा बदलतो, तोडगा मात्र घराण्यात राहतो. म्हणून आधी ते कायदे पाहू.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शहरात जागेची चणचण झाली आणि १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला, तोही युद्धापुरता तात्पुरता म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. मग आला १९४७ चा मुंबई भाडे कायदा, जो फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यात 'प्रमाण भाडं' ठरवताना आधार धरला गेला १ सप्टेंबर १९४० या तारखेचा. त्या दिवशी खोलीला जे भाडं होतं, तेच ढोबळमानाने कायमचं. हा कायदाही मुदतीचाच होता. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत तो पन्नास वर्षं चालला. आजोबांच्या त्या पावतीवरचा आकडा दोन अंकी का, याचं उत्तर एवढंच.

आता दुसऱ्या बाजूने आयकर. १९२२ च्या आयकर कायद्यापासून घरमालकाच्या उत्पन्नाची व्याख्या मोठी चमत्कारिक आहे. पगारदाराला पगारावर कर, व्यापाऱ्याला नफ्यावर कर. घरमालकाला मात्र घराच्या 'वार्षिक मूल्या'वर. म्हणजे ते घर वर्षभर भाड्याने दिलं तर वाजवीपणे जेवढं मिळू शकेल तेवढं. प्रत्यक्ष मिळालं की नाही, हा पुढचा प्रश्न. १९६१ च्या कायद्याने कलम २२ ते २७ मध्ये हीच कल्पना जशीच्या तशी पुढे आणली. प्रत्यक्ष भाडं वाजवी मूल्यापेक्षा जास्त असेल तर ते प्रत्यक्ष भाडं धरायचं, ही भर १९७५ च्या दुरुस्तीने पडली.

मुंबईत ही व्याख्या आणि भाडे कायदा एकमेकांना येऊन धडकले. चर्नी रोडच्या एखाद्या खोलीला बाजारात काय मिळू शकेल आणि कायद्याने काय घेता येईल, यात जमीन-अस्मानाचं अंतर. मग 'वाजवी' कोणतं? शीला कौशिश प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे भाडे कायदा लागू आहे तिथे वार्षिक मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. प्रकरण दिल्लीचं होतं, पण हायसं वाटलं ते मुंबईच्या मालकांना. त्या काळी महापालिकेचा मालमत्ता करसुद्धा १८८८ च्या अधिनियमानुसार भाड्यावरूनच, म्हणजे करपात्र मूल्यावरून ठरायचा : वार्षिक भाड्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा. भाडं गोठलेलं, म्हणून पालिकेचा कर गोठलेला, म्हणून आयकरही गोठलेला. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि इमारती खचू लागल्या. १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, त्यासाठी उपकर बसला आणि दक्षिण मुंबईतल्या एकोणीस हजारांहून अधिक इमारती 'उपकरप्राप्त' ठरल्या. हा शब्द आज पुनर्विकासाच्या जाहिरातीत भाव खाऊन जातो, पण त्याचा जन्म गळक्या छपरातून झालेला आहे.

कागदावर भाडं गोठलं तरी बाजार काही गोठला नाही. फरक पागडीतून, म्हणजे खोली देताना एकरकमी घेतलेल्या पैशातून, वसूल झाला. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं हा गुन्हा होता, त्यामुळे ती रोखीत आणि बिनपावतीची. त्यातच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोचला होता. हिशेबात दाखवलं तर रुपयातले सव्वादोन पैसे उरणार, मग कोण दाखवेल? भाडेकरूनेही खोली सोडताना पैसे घेतले. त्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो का, हा वाद बरीच वर्षं चालला, कारण भाडेकरूच्या हक्काची 'खरेदी किंमत'च काढता येत नव्हती. अखेर कायद्यातच लिहिलं गेलं की किंमत मोजलेली नसेल तर ती शून्य धरायची आणि उरलेला सगळा नफा. आजही पागडीची खोली सोडून पैसे घेणाऱ्याला ही शून्य किंमत आडवी येते आणि बहुतेकांना ती फार उशिरा कळते.

मालकांनी शोधलेला दुसरा तोडगा म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरू ठेवायचाच नाही; नुसती राहायची परवानगी द्यायची, मुदत संपली की बाहेर. युक्ती चालली, ती १९७३ पर्यंत. त्या वर्षी कायद्यात कलम १५-अ घातलं गेलं आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. काल पाहुणा, आज कायमचा. या धक्क्याने मुंबईचा मध्यमवर्गीय मालक इतका हादरला की पुढच्या पिढीला एकच शिकवण मिळाली : फ्लॅट रिकामा ठेव, पण देऊ नकोस. माहीमला माझ्या लहानपणी आमच्याच मजल्यावर असं एक कुलूपबंद घर होतं. दर दिवाळीला मालकीणबाई ठाण्याहून येत, खिडक्या उघडत, उंबऱ्याला रांगोळी काढत आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप लावून परत जात.

आणि इथेच आयकराचं ते चमत्कारिक वाक्य पुन्हा गाठतं. राहतं घर एकच धरायचं. दुसरं रिकामं असलं तरी ते 'भाड्याने दिलं आहे' असं मानायचं आणि न मिळालेल्या भाड्यावर कर भरायचा. एका कायद्याच्या भीतीने घर बंद ठेवलेलं आणि दुसरा कायदा त्याच बंद घराचं भाडं मोजतोय. मालकीणबाई तो कर भरत होत्या का, हे मी कधी विचारलं नाही. २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने दोन घरं स्वतःच्या वापरातली धरायला परवानगी दिली. २०२५ मध्ये आणखी सैल झालं : दुसऱ्या घरात का राहत नाही, याचं कारणही आता द्यावं लागत नाही. तिसरं घर असेल तर मात्र मानीव भाडं आजही आहेच.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती डिसेंबर १९९७ मध्ये. मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचं म्हटलं. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दरवर्षी चार टक्के वाढ मान्य झाली आणि पागडी कायदेशीर ठरली. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू म्हणून संरक्षणाबाहेर गेल्या. लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवण्याची झटपट वाट कलम २४ ने दिली. सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई. बदल्यात कलम ५५ ने मालकावर एक जबाबदारी टाकली : करार लेखी हवा आणि नोंदणी झालेली हवी. नाहीतर वाद झाल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या मानल्या जातील, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घर 'गुंतवणूक' म्हणून घेणारा मुंबईकर खऱ्या अर्थाने यानंतरचा. आता पोटभाडेकरू, कोर्ट असली भीती कमी झाली होती आणि गृहकर्जंही स्वस्त होत होती. त्याच सुमारास आयकराचं गणितही सोपं झालं. आधी दुरुस्तीसाठी वार्षिक मूल्याच्या एक षष्ठांश, मग पाचवा, मग चौथा हिस्सा वजा मिळायचा. शिवाय विमा, भाडेवसुलीचा खर्च, जमिनीचं भाडं असे तुकडे वेगळे. २००१ च्या अर्थसंकल्पाने हे सगळं मोडीत काढून सरसकट ३० टक्के वजावट दिली. रंग काढा, नळ बदला किंवा काहीच करू नका, तीस टक्के ते तीस टक्के. म्हणूनच प्लंबरची बिलं फायलीला लावून आणणाऱ्यांना आम्ही ती परत देतो. सोसायटीचा मेंटेनन्सही वेगळा मिळत नाही. त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला पालिकेचा मालमत्ता कर मात्र आधी वजा होतो. नुसतं बिल आलं म्हणून नव्हे, भरला असेल तरच.

आणि व्याज. राहत्या घराच्या व्याजाला मर्यादा होती (२००१ मध्ये दीड लाख, २०१४ पासून दोन लाख), पण भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला वरची सीमाच नव्हती. मेव्हण्याची गोष्ट इथली. समजा बोरिवलीचा फ्लॅट महिना ४५,००० ने दिला. वर्षाचे ५,४०,०००. पालिकेचा कर २०,००० भरला, उरले ५,२०,०००. त्याचे तीस टक्के, १,५६,००० वजा केल्यावर ३,६४,०००. बँकेला त्या वर्षी व्याज गेलं ७,८०,०००. म्हणजे ४,१६,००० चा तोटा. २०१७ च्या आधी हा सगळा तोटा पगारातून वजा व्हायचा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे एका वर्षात १,२४,८०० वाचायचे, उपकर वेगळा. घराची किंमत वाढतेय, हप्त्याचा भाग भाडेकरू भरतोय आणि सरकार आयकरात सूट देतंय. घोडबंदर रोडचे कितीतरी टॉवर या तीन ओळींच्या हिशेबावर उभे राहिले, असं माझं मत आहे.

२०१७ च्या अर्थसंकल्पाने कात्री लावली. दुसऱ्या उत्पन्नातून जास्तीत जास्त दोन लाख वजा, उरलेला तोटा पुढची आठ वर्षं ओढायचा आणि तोही फक्त घराच्या उत्पन्नातून भागवायचा. वरच्या उदाहरणात सूट ६०,००० वर आली. मग नवी करप्रणाली आली, २०२० मध्ये पर्याय म्हणून आणि २०२३ पासून दुसरं काही निवडलं नाही तर आपोआप लागणारी पद्धत म्हणून. तिच्यात भाड्याच्या घराचं व्याज भाड्यापुरतं वजा होतं, पण तोटा पगाराला हात लावू शकत नाही. तीस टक्के आणि पालिकेचा कर शाबूत आहेत. कमी दर घ्यायचे की दोन लाखांचा तोटा, हे आता प्रत्येक फायलीत मांडून बघावं लागतं. मेव्हण्याला विचारून भागत नाही.

हेवी डिपॉझिटचा किस्सा याहून मजेदार आहे. वीस लाख घ्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, घर सोडताना पैसे परत. डिपॉझिट हे उत्पन्न नाही, त्यामुळे कर नाही, असा हिशेब. मुंबई उच्च न्यायालयाने जे. के. इन्व्हेस्टर्स प्रकरणात सांगितलं की डिपॉझिटचं काल्पनिक व्याज प्रत्यक्ष भाड्यात मिळवता येत नाही. मालक खूश. पण २०१४ मध्ये टिप टॉप टायपोग्राफी प्रकरणात त्याच न्यायालयाने जोडून दिलं की डिपॉझिटमुळे भाडं मुद्दाम कमी दाखवलंय असा सबळ संशय असेल, तर अधिकारी बाजाराची चौकशी करून वाजवी भाडं ठरवू शकतो. दरम्यान राज्य सरकार मात्र अजिबात संकोचत नाही. मुद्रांक शुल्क मोजताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरलं जातं : वीस लाखांवर दोन लाख, आणि त्याच्या ०.२५ टक्क्याने पाचशे रुपये. म्हणजे आयकराला जे व्याज दिसत नाही, ते कराराच्या पहिल्याच पानावर राज्याने मोजून ठेवलेलं असतं.

बायकोच्या नावावर घर करण्याची युक्तीही अशीच थकलेली आहे. पुरेसा मोबदला न घेता पती-पत्नींनी एकमेकांच्या नावे केलेल्या घराचा मालक आयकरात १९६१ च्या कायद्याच्या कलम २७ पासून देणाराच मानला जातो. दोघांनी आपापल्या पैशातून घेतलं आणि कराराच्या कागदावर हिस्से स्पष्ट लिहिले, तर मात्र भाडं आणि व्याज दोघांत विभागतं. फरक पडतो तो पैसे कुणाच्या खात्यातून गेले याने, नावाने नाही. घरभाडं व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवून पंखे-फर्निचरचा घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, घेणाऱ्यांची वाट २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली : निवासी घराचं भाडं आता घर मालमत्तेच्या शीर्षाखालीच.

त्याच अर्थसंकल्पाने विक्रीचंही गणित हलवलं. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईचा निर्देशांक (ज्याने जुनी खरेदी किंमत वाढवून धरतात) न लावता १२.५ टक्के, त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला जुना २० टक्के निर्देशांकासह, दोन्हीतलं कमी पडेल ते. आणि जे व्याज भाड्यातून एकदा वजा घेतलं, तेच विकताना घराच्या किमतीत पुन्हा घालायची पद्धत २०२३ मध्येच थांबवली गेली.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा, २०२५ आहे. कलमांचे आकडे बदलले, तीस टक्के राहिले, आणि वाजवीपणे मिळू शकेल त्या भाड्याची कल्पनाही राहिली. महापालिकेने मात्र २०१० पासून भाड्यावरचं करपात्र मूल्य सोडून भांडवली मूल्य, म्हणजे घराच्या बाजारभावावर आधारलेलं मूल्य, धरलं, त्यामुळे पालिकेचा कर आणि भाडं यांची जुनी जोडगोळी तुटली.

परवा एका मालकाच्या घरी करार नोंदवायला एजंट आला होता. लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, पंधरा मिनिटांचं काम. कलम ५५ मुळे करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदणी आलीच. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही हा जुना फायदा इथे लागूच नाही. एजंटने मुदत विचारली. यंत्रावर अंगठा ठेवता ठेवता मालक म्हणाले, "नेहमीसारखा अकरा महिन्यांचाच करा."