‘पंचवीस टक्के वजा करा’ हा हिशेब सोडा

नाशकात पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत फ्लॅट बघत हिंडणाऱ्याला कुणीतरी हमखास सांगतं: सुपर बिल्ट-अपमधून (सामायिक जागांचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रफळातून) पंचवीस टक्के वजा केले की झालं कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा. असं ठरलेलं प्रमाण कुठेच नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाऊस यांचा किती वाटा माथी मारायचा, हे प्रत्येक प्रकल्पात वेगळं असतं.

२०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या विभाजक भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची पोकळी), बाल्कनी, खुली गच्ची सोडायची. म्हणजे आतल्या भिंतीखालची जागाही कार्पेटमध्येच मोजली जाते, आणि तिथे काही कॉट टाकता येत नाही! करारात हाच आकडा बघा, माहितीपत्रकातला नव्हे.

किती जागा घ्यायची हे मात्र टेप लावूनच कळतं. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये साडेसहा फूट लांबीचा पलंग आणि त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोल कपाट ठेवलं, की मध्ये उरतो दीड फूट. कपाटाचं दार उघडताना आपण पलंगावर बसायचं. सरकती दारं लावून घ्या, नाहीतर खोली बदला. सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगाची लांबीही मोजाच; तो कधीकधी मुद्दाम आखूड बनवलेला असतो.