हौसेनं सजवलेली जुनी पिकअप विकायचीय? आधी आरसी घेऊन गाडीजवळ उभं रहा

एवढ्यात जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक बरं लागायलंय. जुनी महिंद्रा पिकअप, टाटामोबाईल, टाटा २०७, नाहीतर कमांडरचा मागचा भाग काढून हौदा बसवलेली जीप, अशा गाड्यांचे फोटो टाकले की संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत फोन येतात. गाडी तर टकाटक असते, पॉवर स्टिअरिंग घातलेलं, पुढं डिस्क ब्रेक, नवा पेंट, सीटा शिवून घेतलेल्या, फाळक्यावर पेंटरकडून नाव काढलेलं. अडतं ते कागदावर. आणि गिऱ्हाईक ॲडव्हान्स देऊन बसलं की मग मालकाला कळतं की आरसीवर रंग पांढरा आहे आणि दारात उभी आहे ती गाडी हिरवी. म्हणून प्रोसेस, कोणाची गाडी कशात बसते आणि कागद कोणते, सगळं एका ठिकाणी लिहितोय.

सगळ्यात आधी 'विंटेज' या शब्दाचं बघू, कारण जाहिरातीत सगळेच तो टाकायलेत. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. त्यात बसायला पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांच्या वर वय पाहिजे आणि गाडी मूळ रूपात पाहिजे, म्हणजे चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठी छेडछाड झालेली चालत नाही. म्हणजे १९८८ साली आलेली टाटामोबाईल कितीही जपली असली तरी वयानंच बाद, आणि आजोबांच्या काळातली विलीज जीप वयात बसली तरी तिला मूळचं काढून डीआय, म्हणजे नंतरच्या काळातलं डिझेल इंजिन ठोकलेलं असेल तर ती पण बाद. बसली तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि विक्री झाली की ९० दिवसांच्या आत परिवहन खात्याला कळवायचं. पण एक लक्षात घ्या, असा नंबर घेतला की ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर काढता येते. मोंढ्यात सोयाबीनची पोती घेऊन जायची असतील तर हा नाद सोडा, साधं रजिस्ट्रेशनच बरं.

बाकी ९९ टक्के लोकांची गाडी म्हणजे नुसती जुनी गाडी, कायद्यात तिला वेगळं नाव नाही. ती विकता येते का? येते. १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते असं लोक छातीठोक सांगतात, तसं आपल्याकडं खाजगी मालकाच्या गाडीला नाही. १ एप्रिल २०२३ पासून जो नियम लागला तो सरकारी गाड्यांना, आणि १० वर्षं डिझेल १५ वर्षं पेट्रोलचा घोळ दिल्लीकडचा. आपल्याकडं गाडी फिटनेसला पास झाली, कर भरलेला असला, की वयाचं काही अडत नाही. मात्र रजिस्ट्रेशन जिवंत पाहिजे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी असेल तर पहिली १५ वर्षं झाल्यावर फॉर्म २५ भरून दर ५ वर्षांनी री-रजिस्ट्रेशन, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, गाडी इन्स्पेक्टरसमोर न्यावीच लागते आणि पर्यावरण कर पण त्याच वेळी भरावा लागतो. फी आता जड झालीये, हलक्या चारचाकीला १५ वर्षांनंतर ५,००० रुपये होती, ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांच्या वरच्या गाडीला १०,००० केली. ही फी विकणाऱ्यानं भरायची का घेणाऱ्यानं, हे सौदा करतानाच बोलून घ्या, नंतर याच्यावरूनच तोंडं वाकडी होतात. पिवळ्या पाटीची मालवाहू असेल तर फिटनेस, आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, ८ वर्षांनंतर दरवर्षी लागतं. पासिंग संपलेली गाडी घेणारा पहिलं तेच धरून भाव पाडतो, आणि त्याचं चूक पण नाही. परमिटची भानगड छोट्या पिकअपला नाही, एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, आरसीवर जीव्हीडब्ल्यूचा आकडा बघून घ्या.

आता मुद्द्याचं काम. आरसी हातात घ्या आणि गाडीजवळ जाऊन एकेक रकाना जुळवा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, बॉडीचा प्रकार, सीटांची संख्या. चेसिस नंबर जुन्या पिकअपला सहसा उजव्या बाजूच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. तिथं चिखल, ग्रीस आणि नव्या पेंटचे दोन थर बसलेले असतात, तर रॉकेल नाहीतर थिनरच्या बोळ्यानं हळू पुसा, वर पातळ कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा, अक्षरं उमटतात. हाच पेन्सिल प्रिंट ट्रान्सफरच्या फॉर्मवर लावायला लागतो. ग्राइंडर, पॉलिश पेपर, वायर ब्रश त्या जागी अजिबात लावू नका, एक आकडा जरी गेला तरी नंबर खोडलाय असा संशय येतो आणि मग पोलिसांपर्यंत विषय जातो. गॅरेजवाल्याला पेंटच्या आधीच सांगून ठेवावं की तेवढ्या जागी टेप लाव.

हौसेनं केलेल्या बदलांचं काय? पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, सीट कव्हर, म्युझिक, यांना आरसीत रकानाच नाही, त्यामुळं ट्रान्सफरच्या कागदात ते येत नाही, फक्त बिलं जपून ठेवा, घेणारा विचारतो आणि दाखवली की भाव धरून ठेवता येतो. रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद पाहिजे, ती सरळ आहे, अर्ज, फी, गाडी दाखवणं. इंजिन बदललं असेल तर विषय मोठा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करायची नाही, आणि जे बदल परवानगीनं होतात त्यांची १४ दिवसांत आरसीवर नोंद करायची. इंजिन जुन्या बाजारातून आणलं असेल तर ते कोणत्या गाडीचं, बिल कोणाचं, हे तुमच्याकडं कागदावर पाहिजे, नाहीतर उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर घेणाऱ्याच्या आधी तुम्ही अडकता. बॉडी वाढवली, सिंगल केबिनची डबल केली, हौद्यात बाकडी बसवली, तर माझं सरळ मत आहे की विकायच्या आधी मूळ रूपात आणा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये या असल्या बदलांवर कडक भूमिका घेतलीये आणि २०१९ च्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड नाहीतर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलंय. पुढचं लोखंडी बुल गार्ड पण काढून ठेवा, त्याला डिसेंबर २०१७ पासून केंद्राची मनाई आहे. गिऱ्हाईकाला गार्ड आवडलंय म्हणत असेल तर टेम्पोत टाकून द्या म्हणावं वेगळं.

नंबर प्लेटचं पण बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झालीये, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि ती नसली तर आरटीओत ट्रान्सफर, पत्ता बदल, बोजा उतरवणं ही कामं अडवतात. पेंटरकडून काढून घेतलेली झोकदार पाटी भिंतीला लावा आता.

आणि एक अडचण खास जुन्या गाड्यांची. १९८९ च्या आधीचा जुन्या पद्धतीचा नंबर, हातानं लिहिलेलं आरसी बुक, अशा गाडीचा नंबर ऑनलाईन टाकला की काहीच येत नाही. म्हणजे तिची माहिती वाहन पोर्टलवर चढलेलीच नाही. आधी मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, मूळ बुक, कराच्या पावत्या, चेसिस प्रिंट घेऊन. बीड, लातूर, परभणी, जालना या जिल्ह्यांतल्या कितीतरी जुन्या गाड्या मुळात दुसऱ्याच जिल्ह्यात रजिस्टर झालेल्या असतात, त्यामुळं बुकावर पहिला शिक्का कुठला आहे ते बघूनच गाडीभाडं खर्च करा. बुक हरवलं असेल तर पोलिसांत गहाळ नोंद करून फॉर्म २६ नं डुप्लिकेट काढायचं, झेरॉक्सवर ट्रान्सफर होत नाही.

एवढं झालं की ट्रान्सफर म्हणजे काहीच नाही. परिवहनच्या साईटवर वाहन सेवा उघडायची, गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे ५ आकडे टाकायचे, मोबाईलवर ओटीपी येतो. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असेल, आणि जुन्या गाडीत तो बंदच असतो, तर आधी तो अपडेट करा. मग ट्रान्सफर ऑफ ओनरशिप निवडून घेणाऱ्याची माहिती भरायची, कागद अपलोड करायचे, फी भरायची. फी खाजगी हलक्या गाडीला ३०० आणि मालवाहूला ५०० रुपये, वर स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे वेगळे. फॉर्म २९ हा विकणाऱ्याचा, दोन प्रती, विक्रीपासून १४ दिवसांत द्यायचा. फॉर्म ३० घेणाऱ्याचा, ३० दिवसांत. सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, मालवाहू असेल तर फिटनेस, कर भरल्याची पावती, दोघांचं आधार, पॅन नाहीतर फॉर्म ६०, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तो पेन्सिल प्रिंट. ई-चलन बाकी असतील तर आधी भरून टाका. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, कर्ज फिटून १२ वर्षं झाली असली तरी, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालेलं असेल तर आताच्या बँकेकडून पत्र घ्यायचं.

गाडी वडलांच्या नावावर आणि वडील वारलेले, हे आपल्याकडं दर दुसऱ्या घरात. मुलगा परस्पर सही करून विकू शकत नाही. आधी फॉर्म ३१ नं वारसाच्या नावावर करायची, मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा, बाकी भावंडांचं आणि आईचं संमतीचं ॲफिडेव्हिट लावून. कायद्यानं मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो. बहिणींच्या सह्या राहिल्या तर तिथंच अडतं, सणाला आल्या की घेऊन टाका.

गिऱ्हाईक बिदरचं, निजामाबादचं, आदिलाबादचं असेल, आणि देगलूर, उदगीर, उमरग्याकडं तर हे नेहमीचंच, तर आपल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते. चलन, कर, बोजा सगळं शून्य असल्याशिवाय ती मिळत नाही. घेणारा म्हणतो गाडी द्या, एनओसी नंतर पाठवा. नका देऊ. गाडी सीमेपलीकडं गेली की तो फोन उचलत नाही.

५०० च्या बॉन्डवर नोटरी करून, फॉर्म २९-३० वर कोऱ्या सह्या ठोकून गाडी द्यायची पद्धत तर मुळीच नको. गाडी चार हात फिरते, प्रत्येक जण बॉन्ड दाखवतो, नाव मात्र तुमचंच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अगदी अशाच, हातोहात विकत गेलेल्या गाडीच्या केसमध्ये सांगितलं की अपघाताची भरपाई आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक धरून ठरवायची. इन्शुरन्स संपलेला असेल तर ती भरपाई तुमच्या जमिनीवर येते भाऊ, गाडीचे दीड लाख कुठं आणि ते कुठं. डीलरला देत असाल तरी एप्रिल २०२३ पासून नियम आहे, तो आरटीओचा अधिकृत डीलर पाहिजे आणि फॉर्म २९सी नं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं ऑनलाईन कळवायचं, तिथून पुढची जबाबदारी त्याची. त्याच्याकडं ते अधिकारपत्र नसेल तर तो डीलर नाही, नुसता मधला माणूस आहे.

पैशाचं थोडक्यात. एका सौद्यात २ लाख किंवा जास्त रोख घेतले तर आयकर कायद्यात पैसे घेणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हाला, तेवढाच दंड आहे, म्हणून बँकेतून घ्या. आपण घरगुती माणूस आपली जुनी गाडी विकली तर त्यावर जीएसटी नाही, तो १८ टक्क्यांचा विषय नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याचा आहे, त्यामुळं कोणी जीएसटी म्हणून भाव कापायला लागला तर ऐकू नका.

गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून डिलिव्हरीची पावती करा, किलोमीटरचा आकडा टाका, दोघांच्या सह्या. घेणाऱ्याला सांगा की इन्शुरन्स कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घे. नो क्लेम बोनस मात्र तुमचा असतो, तो पुढच्या गाडीला लावायचं पत्र कंपनीकडून मागून घ्या. काचेवरचा फास्टॅग आपल्या हातानं खरवडून काढा आणि बँकेच्या ॲपमधून बंद करा, नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि टोल तुमच्या खात्यातून. महिना झाला की साईटवर नंबर टाकून मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव येतंय ते बघा, अजून तुमचंच येत असेल तर फॉर्म २९ ची पोच घेऊन सरळ आरटीओत जा.