ऑफिसातलं राजकारण मोजायची पट्टी

‘तो फार पॉलिटिक्स करतो’ हे वाक्य कौतुकानं कुणी बोलत नाही. चमचेगिरी, कानभरणी, दुसऱ्याचं श्रेय लाटणं एवढंच त्यात ऐकू येतं. हा समज अपुरा आहे. समोरच्याची नस ओळखून, त्याला न दुखावता काम मार्गी लावणं ही एक स्वतंत्र क्षमता आहे आणि ती मोजताही येते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातले जेराल्ड फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तशी प्रश्नावली प्रसिद्ध केली: १८ विधानं, प्रत्येकापुढे १ ते ७ मधला एक आकडा.

पण कुणीही १८ वाक्यं लिहून बेरीज करेल. मग यात विज्ञान कुठे आहे? ते आहे घटक विश्लेषणात. १९०४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांना दिसलं, की एका विषयात पुढे असणारी मुलं सहसा इतर विषयांतही पुढे असतात. म्हणजे गुणांच्या मागे न दिसणारं, पण सामायिक असं काहीतरी आहे. इथेही तेच तत्त्व. १८ विधानांच्या १५३ जोड्या होतात. शेकडो लोकांची उत्तरं घेऊन प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढायचा. जी विधानं एकत्र चढतात-उतरतात, त्यांच्यामागे एक घटक धरायचा आणि प्रत्येक विधानाचा त्या घटकावरचा भार, म्हणजे ते त्या घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे हे, काढायचा. दोन घटकांवर सारखाच भार टाकणारं विधान बाद; ही १८ विधानं तशाच चाळणीतून उरलेली. त्यांच्यामागे चार घटक दिसले: माणसं ओळखणं, प्रभाव पाडणं, ओळखी जोडून राखणं आणि प्रामाणिक वाटणं.

राशीवरून स्वभाव सांगणाऱ्यांकडे ही चाळणी नसते. १९४८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या सगळ्यांना एकच स्वभाववर्णन ‘खास तुमचं’ म्हणून दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणजे वर्णन पटलं म्हणून ते खरं ठरत नाही.

चौथ्या घटकात ‘असणं’ नाही, ‘वाटणं’ आहे, आणि मी इतरांना कसा वाटतो हे मला विचारून कसं कळणार? म्हणून वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे लोक यांच्याकडूनही त्याच व्यक्तीबद्दल उत्तरं घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रशिक्षणात ही पट्टी जरूर वापरावी. भरतीच्या वेळी, निव्वळ उमेदवाराच्या उत्तरांवर, मुळीच वापरू नये. नोकरी हवी असलेला माणूस सगळीकडे ७ लिहील.