नौकेच्या पंख्याची निवड

इंजिनाची ताकद पाण्यात उतरवून नौकेला पुढे ढकलणाऱ्या प्रॉपेलरला कोकणच्या बंदरांवर पंखा म्हणतात. कोणता पंखा बसवायचा हे शेजारच्या नौकेकडे पाहून किंवा नुसत्या अश्वशक्तीवरून ठरत नाही. नेहमीचे वजन भरलेली नौका पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या पूर्ण जोरावर असताना इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, ही खरी कसोटी.

पंख्यावर १३ × १९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लाकडासारखे घट्ट असते तर स्क्रूप्रमाणे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता, तो पिच. समजा इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते, गिअरबॉक्स ३:१ आहे आणि पिच २० इंच. पंखा ६०० वेळा फिरतो, म्हणजे मिनिटाला १००० फूट, जवळजवळ १० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). हा झाला कागदावरचा वेग. पाणी मागे सरकते, म्हणून प्रत्यक्ष वेग कमी पडतो. या फरकाला स्लिप म्हणतात. हलक्या वेगवान बोटीत ती साधारण १० ते २० टक्के असते. जाळे ओढणारा ट्रॉलर मात्र दोन-तीन नॉटनेच चालतो. म्हणून त्याला मोठ्या व्यासाचा, व्यासाच्या मानाने कमी पिचचा, संथ फिरणारा पंखा लागतो.

पिच जास्त झाला तर इंजिन ठरलेले फेरे गाठत नाही. डिझेल इंजिन काळा धूर ओकते, तापते आणि लवकर झिजते. फार कमी असला तर फेरे मर्यादेबाहेर जातात, नौका मात्र त्या मानाने पळत नाही. अनेक आउटबोर्ड इंजिनांना (छोट्या बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५००० ते ६००० फेरे अपेक्षित असतात, आणि पिच एका इंचाने बदलला की सुमारे १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. रिकाम्या नौकेवर घेतलेली चाचणी हमखास फसवते. बर्फ, डिझेल, जाळी, माणसे चढवूनच ती घ्यावी.

पात्याचे टोक आणि नौकेचा तळ यांत व्यासाच्या निदान १० टक्के मोकळी जागा हवी, नाहीतर हादरे बसतात. जागा अपुरी असेल तर व्यास घटवून तीनऐवजी चार पाती घेतात.

ट्रॉलरला खाऱ्या पाण्यात टिकणारे कांस्य वापरतात. छोट्या आउटबोर्डला स्टेनलेस स्टील की ॲल्युमिनिअम, हा प्रश्न उरतो. स्टीलचे पाते पातळ आणि मजबूत असते, पण खडकावर आपटले तर धक्का गिअरपर्यंत पोचू शकतो. ॲल्युमिनिअमचे पाते आधी वाकते. खडकाळ खाडीत तेच बरे.