गोदावरीचा गाळ कुणाचा?

नाशिकमध्ये पूर दोन प्रकारे मोजतात. एक जलसंपदा विभागाचा आकडा, क्युसेकमध्ये. दुसरं माप रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं म्हणजे गंगाघाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, कमरेच्या वर गेलं की सराफ बाजारात धावपळ सुरू. २ ऑगस्ट २०१६ ला काय झालं ते गावातल्या कुणालाही विचारा, क्युसेक कुणी सांगणार नाही, मारुती कुठपर्यंत बुडाला होता ते सगळे सांगतील. पण या दोन्ही मापांतून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे त्या पाण्याचा रंग. पुराचं पाणी तांबूस-काळपट दिसतं, कारण त्र्यंबकपासून खाली वावरांची माती आणि डोंगरउतारांची झीज त्याच्याबरोबर चाललेली असते. पूर ओसरला की रामकुंडाच्या पायऱ्यांवरून फावड्याने ओढून काढावा लागतो तोच हा गाळ. आपल्या दृष्टीने घाण. हजारेक किलोमीटर पुढे एक अख्खं जंगल या गाळाच्या भरवशावर उभं आहे, आणि तापत्या हवामानात त्या जंगलाचं काय होणार हा प्रश्न शेवटी या गाळापाशीच येऊन थांबतो.

ब्रह्मगिरीच्या माथ्यावरचा पाऊस कुठल्या बाजूला पडतो यावर बरंच ठरतं. पश्चिमेच्या अंगाला पडलेलं पाणी वैतरणेतून दीडेकशे किलोमीटरमध्ये अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडचं पाणी मात्र १४६५ किलोमीटरची पायपीट करत पैठण, नांदेड, भद्राचलम करत राजमहेंद्रीला पोचतं. तिथे धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली नदी फाटते. त्यातल्या मोठ्या फाट्याचं नाव गौतमी. म्हणजे गौतम ऋषींची कथा नदीने समुद्रापर्यंत सोबत नेली आहे. गौतमीच्या मुखाशी, काकीनाड्याच्या दक्षिणेला, कोरिंगा अभयारण्य आहे. १९७८ साली जाहीर झालेलं, सुमारे २३५ चौरस किलोमीटरचं खारफुटीचं रान. कोकणातल्या माणसाला तिथली झाडं लगेच ओळखू येतील, कारण तिवर दोन्हीकडे आहे.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटभर जाडीची शेकडो टोकं दिसतात. ती मुळं आहेत, पण वर वाढणारी. खारफुटीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, जरा उकरलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग झाड मुळांची टोकंच हवेत काढतं. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीच्या वेळी त्यांतून हवा आत जाते आणि पेशींमधल्या पोकळ जागांतून खालच्या मुळांना पोचते. भरतीत ती पाण्याखाली जातात, काही तास काम थांबतं. हे वेळापत्रक सांभाळलं जातं तोवर झाड मजेत. पाणी कायमचं चढून बसलं की ही टोकं बुडतात आणि झाड उभ्या उभ्या गुदमरतं.

म्हणून खारफुटीसाठी हवामान बदलाचा हिशेब सोपा आहे: समुद्र वर्षाला किती मिलिमीटर चढतो आणि चिखल किती मिलिमीटर चढतो? केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. चिखल मोजायला जगभर एक साधं पण कमालीच्या चिकाटीचं साधन वापरतात. स्टीलची सळई चिखलात ठोकत न्यायची, ती पुढे जायची थांबेपर्यंत, कधी दहा-वीस मीटरसुद्धा. तिच्या डोक्यावर एक आडवा हात बसवायचा आणि त्यातून नऊ बारीक काड्या चिखलाला टेकतील इतक्याच खाली सोडायच्या. काडीचा वर उरलेला भाग पट्टीने मोजायचा. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तिथेच. शेजारी फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या भुकटीचा थर पसरून ठेवतात. नंतर चिखलाची वडी कापली की पांढऱ्या रेघेच्या वर किती नवा गाळ बसला ते दिसतं. दोन मोजमापांतला फरक म्हणजे खालची जमीन किती दबली. मोजणाऱ्याने चिखलात पाय ठेवायचा नाही, फळीवरून काम करायचं, नाहीतर त्याच्याच वजनाने आकडा बिघडतो. उपग्रहांच्या जमान्यात मला या काड्यांचं फार कौतुक वाटतं.

या काड्यांनी जे सांगितलं ते २०१५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या खारफुटीच्या अभ्यासलेल्या ठिकाणांपैकी ६९ टक्के जागी समुद्र चिखलापेक्षा वेगाने चढत होता. जिथे गाळ मुबलक तिथे झाडं तगून, जिथे गाळ आटला तिथे धोका. पाच वर्षांनी ‘सायन्स’मधल्या दुसऱ्या अभ्यासाने गेल्या दहा हजार वर्षांतल्या खारफुटीचे पुरावे तपासले आणि एक मर्यादा काढली: जमिनीच्या तुलनेत समुद्र वर्षाला ६.१ मिलिमीटरहून वेगाने चढू लागला तर खारफुटीला तग धरणं जवळपास अशक्य. ३.३ आणि ६.१ मध्ये अजून अंतर आहे असं वाटेल. पण त्रिभुज प्रदेशात जमीन स्वतःही खचत असते. ओला, भुसभुशीत गाळ स्वतःच्या वजनाने दबतो, त्यात भूजलाचा उपसा भर घालतो. समुद्र चढणं अधिक जमीन खचणं, अशी ती बेरीज आहे. ती फेडायची ती दरवर्षी येणाऱ्या नव्या गाळाने.

आणि तो गाळच कमी झाला आहे. आंध्रातल्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेले आकडे असे: १९७१ ते १९७९ या काळात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ वाहून आणत होती, १९९० ते १९९८ मध्ये तो सुमारे पावणेसहा कोटी टनांवर आला. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची १८३६ हेक्टर जमीन निव्वळ घटली. जमीन पुढे सरकायची तिथे समुद्र आत आला. जगातल्या ३३ त्रिभुज प्रदेशांचा धांडोळा घेणाऱ्या २००९ च्या अभ्यासातही गोदावरी धोक्याच्या यादीत होती.

गाळ गेला कुठे? धरणांत. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनचा धवलेश्वरमचा बंधारा १८५२ चा. पण खरी अडवणूक स्वातंत्र्यानंतरची. आपलं गंगापूर धरण १९६५ चं, पैठणचं जायकवाडी १९७६ चं, खाली तेलंगणात श्रीरामसागर, शिवाय उपनद्यांवरची कितीतरी. गंगापूरची मूळ साठवण ७२०० दशलक्ष घनफूट होती, आज ५६३० धरतात. मधला फरक म्हणजे तळाशी बसलेली माती.

इथे नाशिककरांनी छाती पिटून घ्यायचं कारण नाही. गोदावरीच्या पाण्याचा मोठा वाटा प्राणहिता आणि इंद्रावतीचा. आपला भाग बराचसा पर्जन्यछायेत. तरी दख्खनच्या मातीचा ठसा बंगालच्या उपसागरात किती खोल उमटला आहे ते पाहण्यासारखं आहे. २००६ मध्ये आपल्या सरकारच्या गॅस हायड्रेट (समुद्रतळाखाली बर्फासारखा गोठलेला ज्वलनशील वायू) मोहिमेत एका जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाला छिद्रं घेतली. शोध इंधनाचा होता, हाती गाळाचे लांबच लांब नमुने लागले. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात आणि पूर्व घाटाच्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांत निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे गाळाचा कण कुठल्या डोंगराचा ते सांगता येतं. २०१७ मध्ये या नमुन्यांवरचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गेल्या काही हजार वर्षांत मान्सून मंदावला तेव्हा गाळ कमी झाला नाही, वाढला. पुढे दख्खनवर शेती पसरली तसा आणखी वाढला.

पाऊस कमी आणि झीज जास्त, हे उलटं वाटतं. पण चांदवड-येवल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. कोरड्या वर्षांत गवत-झुडूप विरळ होतं, जमीन उघडी पडते आणि मग एकच दांडगा पाऊस येऊन वरची माती धुऊन नेतो. संगमनेरजवळच्या जोर्व्याला आणि खुद्द नाशकात १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननांत ज्या ताम्रपाषाणयुगीन माणसांच्या वस्त्या सापडल्या, त्यांच्या नांगरटीची माती आज उपसागराच्या तळाशी असणार. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे डोंगरावरून सुटणारा गाळ पुढे वाढण्याचीच शक्यता. मग कोरिंगाला फायदा? माझ्या मते नाही. हवामान माती सोडेल आणि धरण ती धरेल. तोटा दोन्हीकडे: इथे वावर उघडं, तिथे जंगल उपाशी.

गाळाबरोबर आणखी एक गोष्ट अडते, ती म्हणजे सिलिका. डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती पाण्यात विरघळलेल्या सिलिकापासून काचेचं कवच बनवतात आणि किनाऱ्याजवळच्या अन्नसाखळीत त्यांचं स्थान पहिल्या पंगतीचं. बेसाल्ट झिजला की सिलिका सुटते. धरणाच्या संथ पाण्यात डायटम तिथेच वाढतात, मरून तळाला बसतात, सिलिका अडकते. डॅन्यूब नदीवरच्या आयर्न गेट्स धरणानंतर काळ्या समुद्रात नेमकं असं झालं: सिलिका घटली, डायटमची जागा दुसऱ्या, पुष्कळदा उपद्रवी प्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) घेतली. उलट सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस धरणं ओलांडूनही वाढतच जातं. त्यांचं काय होतं ते पाहायला काकीनाड्याला जायला नको, उन्हाळ्यात गोदापात्रातल्या पाणवेली पुरे आहेत.

समुद्र चढला तर खारफुटी मागे, जमिनीकडे सरकू शकते. बिया तरंगत जातात, उथळ चिखल सापडला की रुजतात. पण कोरिंगाच्या पाठीमागे कोळंबीची तळी आणि भातशेती आहे, बांध घातलेले. सरकायला जागा नाही. ६ नोव्हेंबर १९९६ च्या चक्रीवादळात आंध्रात, मुख्यतः पूर्व गोदावरी जिल्ह्यात, हजारावर माणसं गेली. वाऱ्याचा आणि लाटांचा पहिला मार झेलणारी ही झाडं आहेत, कोळंबी-खेकड्यांची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात, मासेमार मांजर तिथेच शिकार करते. बांध घालणारेही हे ओळखून असतात, पण तळ्याचं उत्पन्न दरसालचं आणि वादळ कधीतरीचं.

धरणातला गाळ खाली सोडता येतो का? चीनमध्ये थ्री गॉर्जेस धरणावर पावसाळ्याच्या भरात गढूळ पाणी जाऊ द्यायचं आणि पाऊस सरताना नितळ पाणी साठवायचं अशी पद्धत ठेवली आहे. तरीही बराच गाळ अडतोच. आपल्याकडे उलट विचार चालतो. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी ट्रॅक्टर लावून तलावांतला गाळ वावरात नेतात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काही नाही. वाहून गेलेली त्याचीच माती तो परत आणतो आहे.

निफाडचं नांदूरमध्यमेश्वर तर आणखी पेचात टाकतं. गोदावरी-कादवा संगमावर ब्रिटिशांनी बंधारा घातला, मागे गाळ साचत गेला, उथळ दलदल झाली आणि पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तिथला गाळ काढा म्हणावं तर पाणपक्ष्यांची उथळ जागा जाते, अडू द्यावा तर तो कोरिंगाला मिळत नाही. पाण्याच्या वाटपासाठी गोदावरी लवादाने महाराष्ट्र, आंध्र आणि खोऱ्यातल्या इतर राज्यांचे हिस्से ठरवून दिलेत, आणि जायकवाडीला किती सोडायचं यावर नाशिक-मराठवाड्याचे खटले चालतात. गाळावर हक्क सांगायला अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही.