पार्श्वभूमी : घरच्या लिथियम बँकेला बीएमएस कुठला?

गोव्यात पेडणे असो की काणकोण, घरी लिथियम बँक (लिथियम सेल जोडून केलेली मोठी बॅटरी) बांधायला घेतली की पहिला प्रश्न असतो, 'किती अँपियरचा बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टम) घेऊ?' हा प्रश्न इन्व्हर्टरच्या जुन्या, शिसे-आम्लाच्या ट्युब्युलर बॅटरीच्या सवयीतून आला आहे. तिथे 150 एएच (अँपियर-तास) म्हटले की निवड संपायची. बीएमएस या एका नावाखाली मात्र आज तीन वेगळी कामे येतात: सेल वाचवणे, सेल बरोबरीत आणणे आणि किती चार्ज उरला ते मोजणे. ती वेगवेगळ्या काळात एकेक करून चिकटत गेली, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

1991 साली लिथियम-आयन सेल जपानमधून बाजारात आला. पुढे छोट्या पॅकना बीएमएसची जी पाटी (सर्किट बोर्ड) लागू लागली ती नखाएवढी होती. तिच्यावर सहा पायांची एक चिप आणि दोन मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. सेल 4.3 व्होल्टला गेला की चार्जिंग तोडायचे, 2.4 ला उतरला की लोड तोडायचा, शॉर्ट झाला तर लगेच तोडायचे. बॅलन्सिंगचा, म्हणजे सेल बरोबरीत आणण्याचा, प्रश्नच नव्हता, कारण सेल एकच असे. घरच्या बँकेसाठी आज सगळे वापरतात तो लोह-फॉस्फेट सेल 1997 मध्ये संशोधनपत्रात आला. त्याची मर्यादा वर 3.65 आणि खाली 2.5 व्होल्टची. म्हणजे लॅपटॉपच्या सेलची पाटी याला चालत नाही, तरी अजून ती चूक होते. 12 व्होल्टच्या बँकेला 4 सेल, 24 ला 8, 48 ला 16, आणि पाटी त्याच सेलसंख्येची व त्याच रसायनाची.

पहिला मोठा वाद 2010 च्या आसपास झाला. स्वतः गाडी विजेवर चढवणाऱ्या हौशी लोकांपैकी एक गट म्हणत होता की बीएमएस नकोच. त्या वेळच्या पाट्यांच्या तारा सैल व्हायच्या, पाट्याच जळायच्या, हे खरे होते. त्यांचा उपाय असा: सगळे सेल तळाशी, रिकामे असताना सारखे करा आणि वरची मर्यादा चार्जरने सांभाळा. गाडीला हे पटण्यासारखे आहे, कारण गाडी रिकामी होईपर्यंत पळवली जाते आणि धोका तळाशी असतो. छपरावरच्या सोलरवर चालणारी बँक मात्र रोज दुपारी काठोकाठ भरते. तिचा धोका वर आहे, म्हणून तिचे सेल वरच्या टोकालाच जुळवायला हवेत. त्या वादातले अर्धे वाक्य उचलून घरची बँक बिनबीएमएसची ठेवणे चुकीचे आहे, आणि धोक्याचेही.

मग जुन्या लॅपटॉपमधले सेल जोडून पॅक करण्याची लाट आली, आणि 2019-20 पासून 280 एएचचे मोठे चौकोनी सेल चीनहून घरगुती कारागिरांच्या हाती येऊ लागले. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात झाडे आणि खांब पाडले तेव्हा एरवी तास-दोन तास पुरणारा इन्व्हर्टर किती तोकडा पडतो ते घरोघर कळले. मोठ्या बँकेची गरज खरी आहे. पण सेल मोठे झाले तशी बॅलन्सिंग या शब्दाची गल्लतही मोठी झाली, आणि खरेदीत सर्वात जास्त पैसे वाया जातात ते याच शब्दावर.

पॅसिव्ह बॅलन्सिंग म्हणजे जास्त भरलेल्या सेलमधला करंट रोधातून उष्णता करून घालवणे. हा करंट साधारण 50 ते 100 मिलिअँपियर असतो. 280 एएचच्या सेलमध्ये 5 टक्के फरक असेल तर तो 14 एएच झाला. 100 मिलिअँपियरने तो घालवायला 140 तास लागतात, आणि बँक रोज तासभरच वरच्या टोकाला राहत असेल तर 140 दिवस. ॲक्टिव्ह बॅलन्सर एका सेलमधला चार्ज दुसऱ्यात ओततो. 1 अँपियरचा असेल तर हेच काम 14 तासांचे. म्हणून ॲक्टिव्ह म्हणजे चांगला, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे.

लोह-फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. 40 टक्के आणि 60 टक्के भरलेल्या सेलमध्ये काही मिलिव्होल्टचाच फरक दिसतो. लोड चालू असताना ज्या सेलचा आंतरिक रोध जास्त, किंवा ज्याचा लग (तारेच्या टोकाची कडी) सैल, तो 'कमी' दिसतो, प्रत्यक्षात कमी भरलेला नसतो. चोवीस तास चालणारा बॅलन्सर त्याच्यात चार्ज ओतत राहतो आणि दुपारी तोच सेल सगळ्यांच्या आधी 3.65 ला जाऊन बँक तोडतो. म्हणजे जुळलेले सेल बॅलन्सरनेच बिघडवले. त्यामुळे पाटी निवडताना ॲक्टिव्ह की पॅसिव्ह याआधी एक गोष्ट पाहावी: बॅलन्सिंग कुठल्या व्होल्टला सुरू व्हावे ते ठरवता येते का? 3.40 ते 3.45 च्या खाली ते बंदच हवे. हे ठरवता येत नसेल तर ती पाटी घेऊ नये, करंट कितीही असो. आणि कुठलाही बॅलन्सर सुरुवातीच्या जुळणीची जागा घेत नाही. आधी सेल सिरीजमध्ये बीएमएसवर भरायचे. एक सेल 3.6 ला पोचला की सगळे सोडवून पॅरलल जोडायचे, व्होल्टेज ठरवता येणारा डीसी सप्लाय जोडण्याआधी 3.65 वर बांधून ठेवायचा आणि करंट शून्याजवळ येईपर्यंत थांबायचे. सिरीजची पायरी गाळली तर 280 एएचचे अर्धे भरलेले चार सेल 10 अँपियरच्या सप्लायवर दोन दिवसांहून जास्त घेतात, आणि घाईत व्होल्टेज वाढवणाऱ्याचे सेल फुगतात.

आता अँपियर. 1000 वॅटचा 12 व्होल्टचा इन्व्हर्टर बँक उतरत आली की 100 अँपियरपर्यंत ओढतो, तेव्हा 100 ची पाटी काठावर येते; 150 ची घ्यावी. तोच इन्व्हर्टर 24 व्होल्टचा असेल तर निम्म्यात भागते. पाटीवर छापलेला आकडा सतत चालणारा की क्षणभराचा, ते आधी विचारावे. मॉस्फेट जळतात तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन जळतात, म्हणजे तोडणारी पाटीच जोडलेली राहते. म्हणून बँकेच्या पॉझिटिव्हवर डीसीचा फ्यूज वेगळा हवाच, घरच्या एसीचा एमसीबी इथे चालत नाही. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्याचे कपॅसिटर एकदम करंट खेचतात. 25 ते 50 ओहमचा जाड रोध काही सेकंद मध्ये धरला की पाटी वाचते.

बीएमएस हा वेशीवरचा राखणदार. रोजचे चार्जिंग थांबवण्याचे काम त्याचे नाही. ते चार्जरनेच 14.2 व्होल्टला (चार सेलच्या बँकेत) संपवावे. पाटीने ऐन उन्हात बँक तोडली तर सोलरच्या चार्ज कंट्रोलरचा व्होल्टेज उसळतो आणि इन्व्हर्टरला मार बसतो. खालच्या बाजूलाही तेच. ट्युब्युलरसाठी बनलेला इन्व्हर्टर 10.5 व्होल्टपर्यंत ओढत राहतो, त्याआधीच एखादा सेल 2.5 ला जाऊन पाटी तोडते. मग लाइट आली तरी इन्व्हर्टरला बॅटरीच दिसत नाही आणि तो चार्जिंग सुरू करत नाही. इन्व्हर्टरचा लो-कट (ज्या व्होल्टला तो स्वतः बंद होतो तो) 12 व्होल्टला बांधता येत असेल तर हा प्रसंगच येत नाही.

परदेशी सल्ल्यात थंडीत चार्जिंग तोडण्याच्या सोयीवर फार भर असतो, कारण हे सेल शून्य अंशाखाली भरायचे नसतात. गोव्यात त्यासाठी जादा पैसे मोजायचे कारण नाही. इथला शत्रू खारी, ओली हवा. किनाऱ्याजवळच्या घरात एका पावसाळ्यात सेन्स तारेच्या (पाटीला सेलचा व्होल्टेज कळवणाऱ्या बारीक तारेच्या) लगवर हिरवट बुरशीसारखा थर येतो, सेलच्या ॲल्युमिनियम टोकावर पांढरी पूड. रोध वाढला की त्या तारेतून बॅलन्सिंगचा करंट जाताना पाटीला चुकीचा व्होल्टेज दिसतो आणि सेल दोषी ठरतो. सेल जोडणाऱ्या पट्ट्या (बसबार) कल्हई केलेल्या तांब्याच्या घ्याव्यात, पाटीला संरक्षक लेप असावा, आणि मृगाआधी प्रत्येक सेलचा व्होल्टेज मल्टिमीटरने थेट टोकावर मोजून पाटीच्या आकड्याशी ताडावा. 10 मिलिव्होल्टहून जास्त तफावत दिसली तर आधी लग घासा.

चवथीपुरतीच उघडणारी घरे गावोगाव आहेत, त्यांच्यासाठी पाटी स्वतः किती खाते हे सगळ्यात महत्त्वाचे. ब्लूटूथसकट 20 मिलिअँपियर धरले तरी महिन्याला 14.4 एएच होतात. अर्धी भरलेली 100 एएचची बँक साडेतीन महिन्यांत रिकामी. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर तर 20 वॅटने तेच दीड दिवसात करतो. घर बंद करताना बँक साधारण 60 टक्क्यांवर आणावी, इन्व्हर्टरची तार सोडवावी आणि पाटी तिच्याच स्विचने पूर्ण बंद करावी. असा स्विच असलेलीच पाटी अशा घरासाठी घ्यावी. परतल्यावर चार्जर लावण्याआधी सेलनिहाय व्होल्ट मोजावेत, आणि एखादा 2 च्या खाली गेलेला दिसला तर त्याला न भरता बाजूला काढावे.