अल्सरेटिव्ह कोलायटिस: धोके आणि उपचारांतील सुरक्षितता (कोल्हापूर परिसर)

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज व व्रण आणणारा दीर्घकालीन आजार आहे. सूज गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढते. वारंवार घाईची शौच, आव-रक्त आणि पोटात मुरडा ही लक्षणे.

कोल्हापुरात शौचातून रक्त पडले की आधी मूळव्याधीचे औषध सुरू होते, नाहीतर अमिबाच्या गोळ्या. पंचगंगेकाठी दूषित पाण्याचे आजार नवे नाहीत (२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती), म्हणून संसर्गाची शंका रास्तच. ती शौचाच्या तपासणीने फेडावी. अमिबा असताना कोलायटिस समजून स्टेरॉइड दिले तर आतडे फुटू शकते. गोळ्यांनी रक्त थांबत नसेल, तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये.

तीव्र उसळीत (आजार अचानक जोर धरतो तेव्हा) मोठा रक्तस्राव, आतडे फुगणे किंवा फुटणे हे धोके असतात. पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळीही होते. त्यामुळे दाखल रुग्णाला रक्त पडत असतानाच गुठळी रोखणारे इंजेक्शन देतात. नातेवाईक घाबरतात, पण ते गरजेचे असते. आजाराला आठेक वर्षे झाली की कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी नियमित कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लागते.

आतड्याची सूज कमी करणारे मेसालामाइन हे औषध बहुतेकांना सोसते. मूत्रपिंडाची तपासणी मात्र अधूनमधून करावी. स्टेरॉइड उसळी शमवते, पण आजार दाबून ठेवण्यासाठी ते कायम घेण्याचे औषध नव्हे: हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ते पुन्हा आणणे घातक, आणि महिनोन्महिने घेतलेले अचानक बंद करणेही तितकेच. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटू शकतात; हा धोका वाढवणारा एनयूडीटी१५ जनुकातला बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो, म्हणून सुरुवातीला रक्ततपासणी वरचेवर हवी.

इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफॅसिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांआधी क्षय आणि हिपॅटायटिस बी तपासणे अत्यावश्यक. भारतात सुप्त क्षय खूप जणांत असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की उसळतो. छातीचा एक्स-रे, मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करून, गरज पडल्यास आधी प्रतिबंधक औषधे सुरू करतात. अशा रुग्णाने गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूधही टाळावे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. जिवंत जंतूंच्या लसीही या औषधांवर असताना वर्ज्य.

तांबड्या रश्श्याने हा आजार होतो असा पुरावा नाही. उसळीत तिखट सोसत नाही, एवढेच. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मात्र आजार उसळवू शकते.